मॉरिशसच्या मावशींचं बोलणं

मी स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघाताने ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलतं करणं हे माझं काम, आणि पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी ते बरीच वर्षं करते आहे. लोकांना वाटतं, आम्ही जिभेचे व्यायाम घेतो. तेही घेतो. पण खरं काम असतं ते डोक्यात अडकून पडलेल्या शब्दाला बाहेर यायला वाट करून देण्याचं. त्यासाठी आधी तो शब्द कुठल्या भाषेतला आहे हे ठाऊक असावं लागतं.

त्या दिवशी न्यूरोच्या वॉर्डातून निवासी डॉक्टरचा फोन आला. मॉरिशसहून आलेल्या एक बाई होत्या, साठीच्या आतल्या. मुलगी इथे पुण्यात शिकत होती, तिला भेटायला नवराबायको आले आणि आठवड्याच्या आत बाईंना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती, पण जिवाचा धोका टळला होता. मी भाषेचं विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, तुमचं काम सोपं आहे. मातृभाषा मराठी. नवऱ्यानेच सांगितलं."

मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत हे मी ऐकून होते. फार पूर्वी कोकणातून माणसं बोटीने तिकडच्या उसाच्या मळ्यांवर गेली आणि तिथलीच झाली, एवढंच माहीत. त्यांच्यातलं कुणी प्रत्यक्ष भेटण्याची ही पहिलीच वेळ.

खाटेशेजारी एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे होते. पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मला पाहताच त्यांनी हात जोडले. "नमस्कार. आपण आलात, आमच्यावर फार उपकार झाले. माझी पत्नी अत्यंत बुद्धिमान स्त्री आहे. ती पुन्हा भाषण करू शकेल ना?"

माझ्या मागे उभी असलेली सिस्टर सदाशिव पेठेतली. ती हळूच म्हणाली, "भाषण राहू द्या, नुसतं पाणी मागितलं तरी आम्हाला पुष्कळ." ते गृहस्थ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी ते अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि मान डोलावली. त्यांना मी पुढे काका म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला मावशी.

मावशी गोल चेहऱ्याच्या, सावळ्या. केस अजून काळे. डोळे मात्र सारखे काहीतरी शोधत असलेले. मी खुर्ची ओढून बसले आणि मराठीतून सुरुवात केली. डोळे मिटा म्हटलं, तर जरा वेळाने मिटले. डावा हात वर करा म्हटलं, तर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. कप दाखवून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा ओठ हलले, कपाळावर शीर उभी राहिली आणि बाहेर आलं ते फक्त "नों… नों…" तिसऱ्या चित्राला त्यांनी मान भिंतीकडे वळवली. डोळ्यांतलं पाणी उशीवर टपकलं.

काका मला समजावत होते की ती दमली आहे, एरवी तिचं मराठी उत्तम आहे. पण माझ्या मनात पाल चुकचुकली. समजत नसलेला माणूस वेगळा दिसतो आणि समजतंय पण पोचायला उशीर होतोय असा माणूस वेगळा दिसतो. मावशींना माझं बोलणं कुठून तरी लांबून ऐकू येत असावं, तसं त्या पाहत होत्या.

बाहेरच्या पॅसेजमध्ये त्यांची मुलगी फोनवर होती. बावीस-तेवीस वर्षांची, कात्रजला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. मी तिचं बोलणं संपायची वाट पाहत थांबले आणि थांबल्या थांबल्या ऐकतच राहिले. एक फोन इन्शुरन्सवाल्यांचा, तो चोख इंग्रजीत. तो ठेवते न ठेवते तोच दुसरा वाजला. मामा होते बहुधा. त्यांच्याशी ती ज्या भाषेत बोलली ती मला फ्रेंच वाटली, पण नंतर कळलं की ती क्रेओल, मॉरिशसच्या मळ्यांवर फ्रेंचमधून घडलेली बोली. तेवढ्यात औषधाच्या दुकानातला पोऱ्या पिशवी घेऊन आला, त्याच्याशी मराठी. खाली रिक्षा थांबवून ठेवली होती, रिक्षावाल्याला वरून हिंदीत ओरडून सांगितलं, भैया पाँच मिनट. यातल्या कुठल्याच भाषेपाशी ती अडखळली नाही. आईसाठी रडून तिचे डोळे सुजले होते, तरी एकेक माणूस समोर येई आणि त्याच्या त्याच्या भाषेत त्याला उत्तर मिळे. मी मनात म्हटलं, ही मुलगी आपल्याला मदत करणार.

मी तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, "आई तुला कुठल्या भाषेत रागावते?"

तिने आधी दाराकडे, म्हणजे वडिलांच्या दिशेने पाहिलं आणि आवाज खाली आणला. "क्रेओलमध्ये, ताई. रागावते, लाड करते, स्वप्नात बडबडते, सगळं क्रेओलमध्येच. बाबांना सांगू नका मी सांगितलं म्हणून. त्यांना ठाऊक आहे, पण सांगू नका."

मग आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला आणि मी तिला म्हटलं, आईचा घरचा एक दिवस सांग, सकाळपासून. ती सांगत गेली तशी मी चहा प्यायचा विसरले.

मावशींचं गावात किराणा मालाचं दुकान. तिकडे त्याला लाबुतिक म्हणतात. पहाटे पावाची गाडी येते, गाडीवाल्याशी क्रेओल. मग शेजारणी पाव न्यायला येतात. त्यांतली कुणी तमिळ आडनावाची, कुणी मुसलमान, कुणी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या वंशातली, सगळ्यांशी क्रेओल. ती सगळ्यांची आणि म्हणून कुणा एकाची नसलेली भाषा. समोरच्या घरातली म्हातारी आली की भोजपुरी, कारण म्हातारीला भोजपुरीत गाऱ्हाणी सांगितल्याशिवाय बरं वाटत नाही. साखर कारखान्याच्या जुन्या साहेबाची बायको मोटारीतून उतरते, ती फ्रेंच बोलते. मावशी तिला फ्रेंचमध्ये उत्तर देतात, आणि मुलीच्या म्हणण्याप्रमाणे फ्रेंच बोलताना त्यांची मानही वेगळी होते, जरा ताठ. ठोक मालवाला चिनी वंशाचा, त्याच्या आजीकडून मावशी लहानपणी चार शब्द शिकल्या होत्या, ते त्याला ऐकवून त्या दरात सवलत मागतात. दुपारी टीव्हीवर हिंदी मालिका. संध्याकाळी सरकारी कागद आला तर तो इंग्रजीत असतो. काका तो वाचतात आणि अर्थ क्रेओलमध्ये सांगतात. गणपतीत आणि लग्नाकार्यात मराठी.

"आणि हे सगळं करताना तिला कळतं का, की आता मी भाषा बदलली?" मी विचारलं.

ती विचारात पडली. असा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नसावा. "नाही हो ताई. माणूस बदलतो ना समोरचा. मग तोंड आपोआप बदलतं."

एवढासा देश, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या दोनतीन तालुक्यांत मावेल इतका. त्यात एक किराणा दुकानदार बाई दिवसाकाठी सहासात भाषांतून ये-जा करत होती आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला मात्र फार वाटलं. दोन भाषा येतात म्हणून मिरवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातली दुसरी इंग्रजी असेल तर विचारूच नका.

काकांशी बोलणं अवघड होतं. मी त्यांना सांगितलं की उपचार मावशींच्या सर्वांत सवयीच्या भाषेतून सुरू करावे लागतील. ते शांतपणे म्हणाले, म्हणजे मराठीतून. मी क्रेओलचं नाव काढलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते नगरपालिकेत कारकून होते, आयुष्यभर इंग्रजीत टिपणं लिहिली, साहेबाशी फ्रेंच बोलले, आणि संध्याकाळी गावच्या बैठक्यात जाऊन मुलांना मराठी शिकवलं. बैठका म्हणजे तिकडची गावशाळा, जिथे लोक आपल्या पूर्वजांची भाषा आणि पूजाअर्चा टिकवून ठेवतात. फळा त्यांनी स्वतः रंगवला होता. पुस्तकं जुनी, शिकणारी मुलं कमी, पगार नाही. तरी ते जात राहिले.

"डॉक्टर," ते म्हणाले, मी डॉक्टर नाही हे सांगूनही ते मला तसंच म्हणत, "आमच्याकडे मातृभाषा विचारली की माणूस आईची भाषा सांगत नाही. आजोबांच्या आजोबांची सांगतो. क्रेओल तर वाऱ्यावर असते, तिला शिकवावं लागत नाही. मराठीला आम्ही हाताने धरून ठेवलं आहे. आता पुण्यात येऊन मी माझ्या पत्नीला क्रेओलमध्ये बोलायला लावू?"

मला माझे वडील आठवले. आमचं घराणं मूळ हवेली तालुक्यातल्या खेड्यातलं. छप्पन्न साली आजोबांनी धम्म घेतला आणि मुलांना शिकवायचंच हे ठरवलं. वडील सरकारी नोकरीत वर चढले. ऑफिसात त्यांचं मराठी इतकं स्वच्छ असे की नवखा माणूस त्यांचं आडनाव ऐकून चमके. आमच्याकडूनही ते 'आहे' घोटवून घेत. 'हाय' म्हटलं की ते पेपरवरून नजर न उचलता म्हणत, "पुन्हा." आई मात्र कायम 'हाय'च म्हणत राहिली आणि तिला त्यांनी कधी टोकलं नाही. ज्या माणसाने एक भाषा कष्टाने मिळवली आहे त्याला ती बाजूला ठेवा म्हणणं सोपं नसतं. म्हणून मी काकांशी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की मराठी कुठे जाणार नाही, आधी दार उघडू द्या.

मग मी मुलीकडून क्रेओल शिकू लागले. रोज दुपारी थोडे शब्द. पाणी म्हणजे दिलो, घर म्हणजे लाकाझ, पाव म्हणजे दिपँ. तो शेवटचा अनुनासिक मला काही केल्या नीट येईना. मावशींसमोर पावाचं चित्र धरून मी तो शब्द उच्चारला, तर त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. त्या हसल्या होत्या. झटका आल्यानंतर पहिल्यांदा. मी मुद्दाम पुन्हा तसाच म्हटला. त्यांनी नकारार्थी मान हलवली, आणि ओठ पुढे काढून मला आकार करून दाखवला. आवाज नाही, पण आकार बरोबर. त्या दिवशी आमच्या दोघींत शिकणारी कोण आणि शिकवणारी कोण हे सांगणं कठीण होतं, आणि त्यांना तेच हवं होतं असं मला वाटतं. इतके दिवस सगळे त्यांना शिकवत होते.

मधेच एक गोष्ट घडली. एका सकाळी काका धापा टाकत माझ्या खोलीत आले. त्यांनी खाटेशी बसून गणपतीची आरती म्हटली होती आणि मावशींनी त्यांच्याबरोबर ती शब्दन् शब्द म्हटली होती, शेवटपर्यंत, स्पष्ट. "मराठी आली!" ते म्हणाले. मी त्यांच्याबरोबर गेले. मावशींनी माझ्यासमोरही आरती म्हटली. मग मी पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, काय हवं? पुन्हा तेच, "नों… नों…"

पाठांतर मेंदूत वेगळ्या जागी राहतं. ज्यांना स्वतःचं नाव सांगता येत नाही अशी माणसं भजन म्हणतात, आकडे म्हणतात, शिव्याही देतात. ते चांगलं लक्षण आहे, पण ते बोलणं नव्हे. हे मी काकांना शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. नंतर काही दिवस ते माझ्याशी अगदी मोजकं बोलत. शिष्टाचारात मात्र कसूर नाही. मी आले की उठून उभे राहायचे.

ते हट्टाने मराठीच बोलत होते. पुण्यात पाऊल ठेवल्यापासून त्यांनी मुलीशीही दुसऱ्या भाषेत बोलायचं सोडलं होतं. खाटेशी बसून ते मावशींना वर्तमानपत्र वाचून दाखवत, आज कुठे पाणी येणार नाही, कुठल्या पुलाचं काम रखडलं. मावशी डोळे मिटून पडून राहत.

एका दुपारी मी चित्रं घेऊन खोलीत शिरले तेव्हा काका उभे होते. दिवसभर ते तपासण्यांच्या रांगांत फिरले होते. एका खिडकीवरच्या माणसाने त्यांना दोनदा परत पाठवलं होतं, आणि वर विचारलं होतं की आजोबा, हे नाटकातलं मराठी कुठून आणलंत. हे मला मुलीने मागाहून सांगितलं. त्या वेळी मला दिसलं ते एवढंच, की ते पिशवी हातात धरून खोलीच्या मधोमध उभे आहेत आणि कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नाही. मग त्यांच्या तोंडून नकळत निघून गेलं, बायकोकडे न पाहता, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, "मो फातिगे." मी दमलोय.

मावशींनी डोळे उघडले. डावा हात चादरीतून बाहेर काढून त्यांनी खाटेच्या कडेवर थोपटलं आणि म्हणाल्या, "आसिझे."

बस.

शब्द स्वच्छ होता. कुणी शिकवलेला नव्हता, कुठल्या चित्रावरचा नव्हता, कुणाच्या मागे म्हटलेला नव्हता. नवरा दमला होता आणि त्याला बस म्हणायचं होतं, म्हणून तो आला. काका बसले. पिशवी तशीच मांडीवर. मग ते क्रेओलमध्ये बोलू लागले, भरभर, मला एकही वाक्य धड कळलं नाही, आणि मावशी मधून मधून मान हलवत होत्या. मी दार लोटून बाहेर आले. पॅसेजमध्ये मुलगी जिना चढून येत होती. मी तिला म्हटलं, आत्ता आत जाऊ नकोस, जरा वेळाने जा.

त्यानंतर काका माझे सर्वांत चांगले सहायक झाले. सकाळी ते क्रेओलचे शब्द घेऊन तयार असत. शिक्षक तो शिक्षक, त्यांच्यात शिस्त होती आणि धीरही होता. एखाद्या शब्दापाशी मावशी अडल्या तर मी पहिलं अक्षर देऊ पाहायची, ते बोटाने मला थांबवायचे. "थांबा. ती येते आहे." आणि बरेचदा ती येई. महिन्याभरात मावशी दोन शब्दांची वाक्यं बोलू लागल्या. पाणी दे. दिवा नको. मुलगी कुठे? सिस्टरही तेवढ्यापुरतं क्रेओल शिकली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकवू लागली.

डिस्चार्जनंतर विमानप्रवासाची परवानगी मिळेपर्यंत त्यांना पुण्यातच राहायचं होतं. मुलीच्या एका मैत्रिणीचा खराडीत फ्लॅट रिकामा होता, आयटी पार्कच्या मागे, तिथे ते राहिले. मी नदीपलीकडे मांजरीला राहते, आईबरोबर. एका रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं.

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून अजून उसाचा एक तुकडा शिल्लक आहे. बाकी सगळीकडे इमारती उठल्या, याचा मालक काही विकत नाही. गाडीतून उतरताना मावशींना तो ऊस दिसला. त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, "कान."

आई स्वागताला फाटकापर्यंत आली होती. तिने काळजीने विचारलं, "कान दुखतोय व्हय बाय? वारं लागलं आसंल गाडीत. चला आत, कापूस देते."

मुलगी हसत सुटली. क्रेओलमध्ये उसाला कान म्हणतात. मावशींनी स्वतःच्या कानाला हात लावला, मग उसाकडे बोट केलं, आणि त्यांनाही हसू आवरेना. आई म्हणाली, असूदे, आमच्याकडं कानबी हाय आन् ऊसबी हाय.

जेवताना मी गंमत पाहत होते. काका आईशी त्यांच्या ठेवणीतल्या मराठीत बोलत होते, "आपण पाक केलेले हे व्यंजन अतिशय रुचकर आहे." आई "हां, हां" म्हणून भाजी वाढत होती. मावशींना मात्र तिने काहीच वेगळं म्हणून वागवलं नाही. बोलता येत नाही म्हणून मोठ्याने बोलली नाही, तोडून तोडून बोलली नाही. आपली एखादी बहीण माहेरी आल्यासारखी ती बडबडत होती. मीठ हाय का बरूबर, भाकर अजून आर्धी घ्या, हात दुखतोय का, आमच्या थोरल्या जाऊबाईलाबी आसंच झालं हुतं. आणि मग तिने नेहमीसारखं विचारलं, "बरं हाय न्हवं आता?"

मावशी म्हणाल्या, "बरा हाय."

काकांचा घास हातात राहिला. मीही वळून पाहिलं. त्या मराठीत बोलल्या होत्या, आरतीच्या बाहेरचं मराठी, प्रश्नाला उत्तर म्हणून. पण काकांनी बैठक्यात शिकवलेलं ते मराठी नव्हतं. ते आईकडे वळून म्हणाले, "माझी सासू असं बोलत असे. बरा हाय. मी तिला सांगायचो, 'बरे आहे' म्हणावं." मग ते म्हणाले, "सासू जाऊन फार वर्षं झाली. मला वाटलं ते मराठी तिच्याबरोबर गेलं."

आई म्हणाली, "जातंय कुटं. पोटात आसतंय."

मावशींनी आणखी दोनतीन शब्द काढले त्या दुपारी. एक 'पेज', तो ऐकून काकांना हसू आलं. एक कुठला तरी कोकणी शब्द, जो आमच्यापैकी कुणालाच कळला नाही आणि मावशींनाही समजावून सांगता आला नाही. आईने तो दोनदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला. निघताना आईने मावशींच्या ओटीत तांदूळ-नारळ घातले नाहीत, आमच्याकडे ती पद्धत नाही. तिने उसाच्या मालकाकडून मागून आणलेलं एक कांडं सोलून, तुकडे करून डब्यात भरून दिलं. मावशींनी डबा डाव्या हाताने छातीशी धरला होता.

त्या रविवारनंतर मी एक गोष्ट बदलली. नवीन पेशंटच्या घरच्यांना मी मातृभाषा कोणती असं विचारत नाही. घरात कोण कोणाशी कसं बोलतं ते विचारते. बिल्डिंगचा वॉचमन असो की कंपनीतला मॅनेजर, सुरुवातीला ते गोंधळतात, मग सांगायला लागतात आणि सांगता सांगता त्यांनाच नवल वाटतं. पुण्यातही एका घरात किती बोली नांदत असतात ते मला असं विचारल्यावर कळू लागलं. मी स्वतः सकाळी आईशी एक मराठी बोलते, हॉस्पिटलात दुसरं, निवासी डॉक्टरांशी इंग्रजी आणि लिफ्टमनशी हिंदी. हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

काका-मावशी परत गेले. विमानतळावर मावशींना व्हीलचेअर दिली होती, ती त्यांनी दारापर्यंत वापरली आणि पुढे काठी घेऊन चालत गेल्या. आता त्या पुन्हा दुकानात बसतात. उजवा हात अजून फारसा चालत नाही, माल काका काढून देतात. क्रेओल जवळजवळ पूर्वीसारखं झालं आहे, भोजपुरी बरीचशी आली. फ्रेंच परत आलेलं नाही आणि बहुधा येणारही नाही. काका फोनवर सांगत होते, ती मोटारवाली बाई पहिल्यांदा आली तेव्हा नेहमीसारखी फ्रेंचमध्ये बोलली. मावशींना समजलं, पण उत्तर जुळेना. बाई जरा थांबल्या आणि क्रेओलमध्ये बोलू लागल्या. इतक्या वर्षांत त्या मावशींशी क्रेओल कधी बोलल्या नव्हत्या, येत असूनही. आता रोज बोलतात, आणि काकांच्या मते पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात. ठोक मालवाल्याने दर मात्र कमी केलेला नाही.

मुलगी शिक्षण संपवून खराडीतच एका कंपनीत लागली. कधी सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येते, आईच्या हातचं खाते. मागच्या वेळी ती आलेली असताना काकांचा व्हिडिओ कॉल आला. ती त्यांना ऑफिसचं काहीतरी सांगत होती. मीटिंग पोस्टपोन झाली ना बाबा, तर मग मी चिल केलं, बॉस पण एकदम भारी आहे, टेन्शन नाही घेत. काका ऐकत राहिले. मग त्यांनी तिला फोन माझ्याकडे द्यायला सांगितला.

"डॉक्टर," ते अत्यंत खिन्न आवाजात म्हणाले, "पुण्यात राहून हिचं मराठी बिघडलं."

त्यांच्या मागून, दुकानाच्या आतून, मावशींचं हसू ऐकू आलं.